ज्याचं घर, त्याची बंदूक

४ मार्च, शनिवार

आलो एकदाचा! सकाळी चर्चमध्ये लग्न, दुपारी सामान, संध्याकाळी घरचा धनी. एकोणपन्नासाव्या वर्षी बोहल्यावर चढलेला माणूस याहून जास्त काय मागणार? मालकाच्या, हार्लनच्या, दुकानावरची एकखणी खोली सुटली. एकोणीस वर्षं काढली तिथं, आणि आवराआवर केली तर ट्रकचा अर्धा हौदासुद्धा भरेना.

घर झकास आहे. लाकडी, दुमजली, दरीच्या अगदी टोकाला. पुढे ओसरी, तिच्यावर झोपाळा. मागे कोठार आणि एक छोटं तळं. शेजार म्हणाल तर पाव मैल खाली ओपल काकूंचं घर, बस्स. वय ऐंशीच्या पुढे, सगळा रस्ता त्यांना काकू म्हणतो, म्हणून मीही म्हणणार. लोर्नानं राजमा शिजत टाकला होता, त्यात डुकराच्या मांसाचा हाडासकट तुकडा, आणि बिडाच्या तव्यात मक्याचा पाव. मी तीनदा वाढून घेतलं. ती म्हणाली, शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरं जेवतात पण असा अधाशी एकही नाही.

ही वहीपण तिनंच दिली, लग्नाची भेट. म्हणाली, ओरिन, तू बोलतोस फार, अर्धं यात लिहीत जा, म्हणजे माझ्या कानांना जरा विसावा. घ्या! पहिल्याच दिवशी टोमणा. पण हसून बोलली, आणि तिचं हसणं असं की माणसानं दिवसाला दहा टोमणे खावेत.

झोपायच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूनं, दोन खुंट्यांवर एक शॉटगन आडवी ठेवलेली आहे. पंपाची. डेलची. डेल म्हणजे लोर्नाचा पहिला नवरा, वीजमंडळाचा तारवाला. दोन वर्षांपूर्वी बर्फाच्या वादळात खांबावरून पडून गेला. मी म्हटलं, राहू दे की, मला काय करायचंय. आणि खरंच काही वाटलं नाही.

६ मार्च, सोमवार

दुकानात आज सगळ्यांनी चिडवून हैराण केलं. हार्लन म्हणाला, नव्या नवरदेवाला बंदुकांच्या गल्ल्यावरून काढून पडद्यांच्या विभागात टाकतो. पण तो टाकणार नाही. या तालुक्यात बंदूक घ्यायला आलेला माणूस आधी ओरिन टॅकेट आहे का विचारतो.

आमच्या रस्त्याला सध्या भुरट्या चोऱ्या होताहेत. कुणाची तांब्याची तार गेली, कुणाची करवत. शेरीफचा माणूस यायला पाऊण तास लागतो, तोवर चोर जेवून हात धुऊन जाईल. म्हणून येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारतं: घरच्या राखणीला पंप घेऊ की ऑटो?

माझं उत्तर मला तोंडपाठ आहे. पंपाची बंदूक म्हणजे खेचर. काहीही खाते, कशीही ठेवा, चालते. पण प्रत्येक बाराला पुढची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची. दुकानात सोपं वाटतं. हात थरथरत असले की माणूस मूठ अर्धीच ओढतो आणि काडतूस मधेच अडकतं. ऑटोला ती भानगड नाही. चाप ओढला की पुढचं काडतूस आपणच वर येतं, खांद्याला धक्काही कमी. फक्त तिला साफसफाई लागते आणि हलकी काडतुसं चालत नाहीत. जरा नखरेल बाई. मी ऑटोवाला. माझी ऑटो माझ्या देखत या गल्ल्यावर आली, आणि मी ती दुसऱ्या कुणाला दाखवलीच नाही.

तरी दहातली सात माणसं पंपच घेतात. का? तर तो आवाज. खट्-खटाक्. मूठ मागेपुढे केली की निघतो तो. चोरानं तो ऐकला की पँट ओली करून पळतो, असं इथल्या प्रत्येकाला त्याच्या आजोबानं सांगितलंय. मी त्यांना म्हणतो, अरे बाबा, अंधारात आवाज करून आपण कुठे उभे आहोत ते कशाला सांगता? ऐकतो कोण!

११ मार्च, शनिवार

आज पहिलं भांडण. तसं भांडण नव्हे, बोलाचाली.

मी लोर्नाला म्हटलं की आता घरात पुरुष माणूस आहे, तर दारावर माझी ऑटो राहील आणि ती जुनी पंपाची कोठारात जाईल. शिवाय समजावूनही सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं, की तिच्यासारख्या नाजूक मनगटाच्या बाईला ऑटोच बरी. तिनं भांडी पुसता पुसता ऐकून घेतलं. मग म्हणाली की डेलनं तिला पंपाचीच शिकवलीय, तिच्या हाताला तीच बसलीय, आणि डेल म्हणायचा की झाडायची वेळच येऊ नये म्हणून तो आवाज असतो.

डेल म्हणायचा! आठवड्यात किती वेळा ऐकलं मी हे? डेल म्हणायचा पाव तव्यातच गार करावा. डेल म्हणायचा तळ्याकडच्या खिडकीला पडदा नको. मी काहीच म्हणत नाही का? मी दिवसभर म्हणतो! माझं कुणी पुढे सांगत नाही.

शेवटी पंप दारावरच राहिली. माझी ऑटो खाली जिन्याशेजारच्या लोखंडी कपाटात, पाच काडतुसं भरून. कुलपाची एकच किल्ली, ती माझ्या गळ्यात.

१२ मार्च, रविवार

चर्चनंतर सामुदायिक जेवण. माझ्या लग्नानिमित्त, म्हणे. लग्न माझं आणि वरात डेलची! जो येतो तो हात हातात घेतो आणि डेलचं पुराण लावतो. वादळात अठरा तास खांबावर होता. अमक्याच्या आईचं श्वासाचं यंत्र बंद पडलं तर पाठीवर बॅटरी घेऊन चालत आला. कधी आवाज चढला नाही त्याचा. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! जिवंतपणी तोही माझ्यासारखाच नाक शिंकरत असेल.

आणि कुणीतरी पाठीमागे म्हणालं, आयत्या बिळावर नागोबा. मी वळून बघितलं तर सगळे बटाट्याच्या सॅलडमध्ये तोंड घालून उभे. लोर्नानंही ऐकलं होतं. ती काहीच बोलली नाही. बोलायला नको होतं? गाडीत मी तिला हे विचारलं. जरा जोरात विचारलं.

१६ मार्च, गुरुवार

आज माझी सुट्टी, लोर्ना शाळेत. दुपारी टेबलाशी कॉफी पीत बसलो होतो. कपबशांच्या मांडणीवर डेलचा कप आहे, मोठा, निळा. लोर्ना रोज सकाळी त्यात कॉफी पिते. इतके कप असताना त्यातच का? सकाळी मी तिला विचारलं तर म्हणाली सवय. सवय! मी तो उचलला आणि मोरीत टाकला. पडला, फुटला. पडला असंच सांगणार होतो.

आणि वरच्या मजल्यावर आवाज झाला. खट्-खटाक्.

एकोणीस वर्षं मी दिवसातून पन्नासदा हा आवाज ऐकतोय. माझी चूक होणार नाही. धावत वर गेलो. खोलीत कुणी नाही, न्हाणीघरात नाही, पलंगाखाली नाही. पंप खुंटीवर जिथल्या तिथं. काढून बघितली तर पाचही काडतुसं तिच्या पोटात. खाली आलो, तर टेबलावर माझ्या कपाशेजारी एक काडतूस उभं. लाल, न झाडलेलं, पितळी बुडावर नीट उभं करून ठेवलेलं.

लोर्ना आल्यावर विचारलं. तिनं आधी कप बघितला, मग मला, मग काडतूस. म्हणाली, तुझंच असेल, दुकानातून खिशात आलं असेल. असेल बुवा. घराचं लाकूड जुनं, उन्हानं वाजतं. काडतूस टेबलाच्या खणात टाकलं.

१९ मार्च, रविवार

पुन्हा. आज लोर्ना घरात होती. मी म्हणत होतो की चर्चमध्ये डेलच्या भावाला एवढा वेळ मिठी मारायची काय गरज होती. ती म्हणाली तो माझा दीर आहे. मी म्हटलं होता. ती वर निघाली, मी जिन्यात तिची वाट अडवली. नुसता उभा राहिलो, एवढंच.

खट्-खटाक्. माझ्या मागून, वरून.

तिनं ऐकलं नाही! किंवा ऐकलं आणि दाखवलं नाही. मी वर जाऊन बघितलं, पंप जागेवर, भरलेली. दुसरं काडतूस माझ्या उशीवर उभं. उशीवर काडतूस उभं राहतं का कधी? करून बघा. मी दहादा केलं, दहादा पडलं.

दोन्ही काडतुसं लाल, हार्लनच्या दुकानात मिळतात तीच. डेलही तिथूनच घ्यायचा. मीच दिली असतील त्याला.

२२ मार्च, बुधवार

आता मला वाटतं हे लोर्नाच करते. मला घाबरवून पंप दारावरच ठेवायची म्हणून. नाहीतर दुसरं काय? तिला म्हटलं तसं. ती हसली. ते आधीचं हसणं नव्हे. म्हणाली, मला शाळेत पहाटे पाचला उठून चारशे पोरांचे पाव भाजायचे असतात, भुताटकी करायला वेळ कुठाय.

मी दार आपटलं. बिजागरी निसटली. खट्-खटाक्.

तिसरं माझ्या डाव्या बुटात सापडलं. उभं.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, नवं लग्न झालेलं जोडपं. विचारलं, पंप की ऑटो. मी तोंड उघडलं आणि काय सांगायचं तेच सुचेना. हार्लन म्हणाला, बरं नाही का तुला.

२७ मार्च, सोमवार

काल लोर्नानं थरांचा केक केला, वाळवलेल्या सफरचंदांचा, सात थरांचा. तसा केक इकडे लग्नात करतात. घरभर दालचिनीचा वास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, की मी एवढा संशय घेतो आणि ही बिचारी माझ्यासाठी रविवारभर ओट्याशी उभी. हात लावायला गेलो तर म्हणाली, आज नको, मुरू दे.

आज लवकर सुटलो. बघतो तर केक गायब, लोर्ना गायब. तिचा ट्रक ओपल काकूंच्या घरापुढे. काकूही नाहीत. मग मी चढावर दफनभूमीत गेलो. दोघी डेलच्या दगडापाशी चादर टाकून बसल्या होत्या, मांडीवर बशा. तिसरी बशी दगडावर.

डेलचा वाढदिवस! मेलेल्या माणसाला वाढदिवस? दोन वर्षं झाली, वाढलाय काय तो? मला तीन आठवड्यांत एक पाव नीट गरम मिळाला नाही आणि त्याला सात थर! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मला खाली कसा आलो ते आठवत नाही.

घरी आल्यावर मी तिचं मनगट धरलं. मारलं नाही. हे लिहून ठेवतो, मी हात उगारला नाही, धरला फक्त, ती निघून जायला लागली म्हणून. ती म्हणाली सोड. मी सोडणारच होतो.

खट्-खटाक्. या वेळी अगदी जवळून. स्वयंपाकघरातच.

तिनं या वेळी ऐकलं. तिचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे गेले. मी वळलो तर कुणी नाही, आणि चौथं काडतूस ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी. ती घाबरली नव्हती. हेच मला सहन होत नाही. तिच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? एखादी ओळखीची गाडी दारात आल्यावर होतं ते.

१ एप्रिल, शनिवार

तिच्या मनगटावर चार बोटांची निळी खूण आहे. ती लांब बाह्यांचा सदरा घालते. मी माफी मागितली, गुडघे टेकून मागितली. ती बरं म्हणाली. झोपताना भिंतीकडे तोंड. त्या भिंतीत दार आहे, दारावर ती बंदूक आहे. म्हणजे ती त्याच्याकडे तोंड करून झोपते.

हे मी तिला सांगितलं. सकाळी, नाष्ट्याला. बशी भिंतीवर फेकली, तिच्या अंगावर नव्हे. पाचवं काडतूस बशीच्या तुकड्यांत उभं होतं.

२ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही. एक काडतूस खिशात घालून ओपल काकूंकडे गेलो. त्या ओसरीवर शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, आवाज, काडतुसं, पंप भरलेलीच कशी असते ते. कप आणि बशी सोडून. मनगट सोडून. मग विचारलं, हे लोर्नाचे चाळे आहेत का.

काकूंनी काडतूस हातात घेतलं, आपल्या ओसरीच्या कठड्यावर उभं केलं आणि मला विचारलं की ज्या ज्या दिवशी हे मिळालं त्या त्या दिवशी तू तिला काय केलंस.

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला.

मग त्यांनी सांगितलं. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत या रस्त्याची सगळी माणसं डेलच्या ओसरीवर जमायची. बंदुका, दारू, जुनी भांडणं, सगळं एकत्र. डेलचा एक नियम होता. कुणाचं डोकं फिरलं की तो भांडत नसे, समजावत नसे. त्या माणसाची बंदूक हळूच घ्यायचा, खट्-खटाक्, खट्-खटाक्, सगळी काडतुसं बाहेर, आणि एकेक करून त्याच्या समोर टेबलावर उभी करायचा. शांत झालास की घेऊन जा. अख्ख्या दरीत हे माहीत आहे, म्हणाल्या, फक्त तू दुकानातून आलास म्हणून तुला ठाऊक नाही. डेलच्या टेबलावर ज्याच्यापुढे काडतूस उभं राहिलं तो मान खाली घालून घरी जायचा. आणि डेल म्हणायचा, चोर आला तर एकदा येतो, घरातल्या माणसाचा राग रोज जेवायला असतो.

मी म्हटलं, पण पंप तर भरलेली आहे, पाचही आत आहेत.

काकू शेंगा सोलत राहिल्या. म्हणाल्या, तो दुसऱ्याची रिकामी करायचा, पोरा. आपली नाही.

घरी आलो. गळ्यातली किल्ली काढली. कपाट उघडलं. माझी ऑटो.

रिकामी. पाचही गेलेली.

अडीच आठवडे मी दारावरची पंप तपासत होतो. एवढा मोठा बंदूकवाला मी, तो आवाज ऐकला की पंपच, एवढंच डोक्यात. स्वतःची एकदाही उघडून बघितली नाही. ती पाच काडतुसं माझीच. चार टेबलाच्या खणात, एक खिशात.

३ एप्रिल, सोमवार

म्हणजे तो मला चोर समजतो.

त्याच्या घरात. माझ्या घरात! लग्न माझं झालंय, चर्चमध्ये, माणसांसमोर. माझी बायको, माझी बंदूक, आणि एक मेलेला तारवाला येऊन ती रिकामी करणार? काय करणार होतो मी? मी काही करणार नव्हतो. मी तिच्यावर कधी—

पुन्हा भरली. पाच. कुलूप.

५ एप्रिल, बुधवार

जेवायला बसलो. मी फक्त एवढं म्हटलं की त्याचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. काढलंस तर बघ.

खट्-खटाक्. खट्-खटाक्. पाच वेळा. मी मोजले. दोघांनी ऐकले. जिन्याशेजारच्या कपाटातून, कुलूप लावलेल्या.

आणि काडतुसं तिथंच, आमच्या डोळ्यांदेखत नव्हे पण डोळा लवेपर्यंत, माझ्या बशीपुढे रांगेत. पाच शिपाई.

लोर्नानं रांग बघितली. हात पुसले. पर्स घेतली, कोट घेतला. मी विचारलं कुठं. ती म्हणाली बहिणीकडे. मी म्हटलं, घाबरलीस ना त्याला, बघ, तुझा देवमाणूस डेल. ती दारात थांबली आणि म्हणाली, ओरिन, मला डेलची भीती वाटत नाही. तुझी वाटते.

असं म्हणाली. मला. गेली.

६ एप्रिल

सकाळी पंप खुंटीवरून काढली. उघडली नाही, रिकामीही केली नाही. तळ्याच्या मधोमध फेकली. बुडाली. बुडबुडे आले बराच वेळ. दोन खुंट्याही उपटल्या.

आता घर माझं. शांत आहे. किती शांत. दुकानात गेलो नाही. हार्लनचा फोन. उचलला नाही.

तिचा घेतला. उद्या नाही, परवा येते म्हणाली, कपडे न्यायला, तीन वाजता. मी विचारलं, एकटी येशील का. तू दुकानात असशील तर येईन म्हणाली. मी म्हटलं, असेन. शपथेवर.

७ एप्रिल

झोप नाही. ऑटो मांडीवर घेऊन बसलोय. काढून बघतो, आहेत. पाच. पुन्हा बघतो. आहेत.

मला फक्त बोलायचंय तिच्याशी. बोलायला एवढी— हो, पण ती ऐकत नाही ना. पाव मैलावर काकू, बाकी कोण ऐकणार. डेल काही म्हणायचा की ती ऐकायची. मग आता ओरिन म्हणतो.

गाडी कोठारामागे लावली. रस्त्यावरून दिसत नाही.

८ एप्रिल, शनिवार

अडीच. टेबलाशी. लख्ख ऊन. समोर खिडकी, ओसरी, रस्ता. डावा हात बंदुकीवर. ती हाताखालून हलणार नाही. बघू कसा रिकामी करतो.

पावणेतीन. बघितलं. पाच. एक नळीत. ऑटो आहे, मूठ ओढायला नको, आवाज नको. तिला कळणारही—

बोलायचंय फक्त.

तीन. ट्रक. ती. एकटीच. दार लावलं. पांढरा सदरा, तोच, लांब बाह्यांचा. रस्त्याकडे बघतेय, माझी गाडी आहे का. नाही. येतेय. ओसरीच्या पायऱ्या—

खट्-खटाक्.

माझ्या मागे. मानेशी. कपाटातून नाही. कपाट उघडं आहे, रिकामं आहे.

माझी बघितली. पाच आहेत. पाचही आहेत!

जमिनीवर बघतो. टेबलावर. खाली काहीच पडलं नाही. दर वेळी एक सापडायचं. आज नाही. एकोणीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगतोय, मूठ ओढून काही बाहेर पडलं नाही तर समजा एक आत, वर गेलंय. नळीत.

पण पंप तळ्यात आहे. मी स्वतः—

पानावर पाणी पडतंय. शाई फुटतेय. खांद्यावरून. गार. तळ्याचा वास, शेवाळाचा.

ती पायरीवर थांबली. ऐकलं तिनं. जाळीच्या दारातून मला बघितलं, बंदूक बघितली. मग माझ्या मागे बघितलं. भीती गेली तिची. गेली! पाच आठवडे मी तिच्या तोंडाकडे बघतोय, माझ्याकडे बघून ती कधीच अशी— कधीच नाही—

दार उघडत नाही ती. हात जाळीवर ठेवलाय. हाक मारली. माझं नाव नाही. किती हळू. किती हळू मारली त्याला—

म्हणतेय, डेल, त्याला मा—